उत्पन्नाचं साधन

पहाटे चारला बर्फाच्या कारखान्याचं शटर वर जातं
आणि मी डाव्या हाताने लिहायला लागतो.
लादी एक, लादी दोन. ट्रॉलर कुठला, तांडेल कोण,
रोख की उधार.
माझी अक्षरं आता माणसांसारखी उभी राहतात;
पहिल्या वर्षी सगळी दारू प्यायल्यागत कलंडायची.

उजवा हात 'सातेरीकृपा'च्या विंचमध्ये गेला,
विजयदुर्गच्या बाहेर, बारा वाव पाण्यावर.
ओरोसच्या सिव्हिलमध्ये त्याचे टक्के काढले.
डॉक्टरने दोनदा विचारलं, कोपराच्या वर की खाली?
मी बाही सोडून दाखवली.
कार्डावर लिहिलंय: कायमस्वरूपी.
तरी दरवर्षी जाऊन दाखवावं लागतं
की तो अजून परत आलेला नाही.

सेतूच्या खिडकीत मशीन माझा अंगठा घेत नाही.
चार तास बर्फापाशी बसलेल्या बोटांवर
रेषा उमटत नाहीत म्हणे.
कांबळीबाई म्हणाल्या, जा, चहा घेऊन ये.
मी त्यांच्यासाठी चहा आणला. त्या हसल्या:
अरे, मला नको. तू ग्लास धर.
असा मी दहा रुपयांच्या चहावर
हयात ठरलो.

देवगडात तलाठ्याने फॉर्मवर पेन टेकवलं.
उत्पन्नाचं साधन?
बर्फ मोजतो, म्हटलं.
किती वेळ?
चार ते आठ.
तो पंख्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, ह्यात अर्ध्या दिवसाचा रकाना नाही.
एक तर काम करतोस, नाहीतर करत नाहीस.
त्याने काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं नाही.
आकडे वाचून पोट भरणाऱ्याला
मान दुसरीकडे वळवायला किती जोर लागतो!

गेल्या सोमवारी बाबल मालंडकरांनी गल्ल्यावरून हाक मारली.
"जयवंता, पुरो दिवस ये. मस्टरावर घेतंय तुका.
पगार दुप्पट."

दोन रात्री मी आणि सुगंधा बेरजा करत बसलो,
तन्वीच्या वहीच्या मागच्या पानावर.
दुप्पट पगार, वजा पेन्शन.
वजा जून-जुलै, होड्या झापांखाली
आणि कारखान्यात फक्त पाल बोलते.
वजा ते दिवस, जेव्हा खांदा रात्रभर ठणकतो
आणि नसलेली बोटं दोर सोडत नाहीत.
सुगंधा म्हणाली, पेन्शन तीन-तीन महिने येत नाही,
पण येते.
बाबलशेट पावसात कोणाला ओळखतात?
ती कोलंबी सोलायला जाते, तिला ठाऊक.
आणि एकदा बंद झाली की?
पुन्हा ओरोस, पुन्हा बाही,
पुन्हा पहिल्यापासून सांगा, विंच, बारा वाव.

खरं सांगू, मला मस्टर हवं होतं.
पैसे नंतर.
आखलेल्या ओळीत माझं पूर्ण नाव, पुढे एकतीस चौकोन,
महिनाअखेर सही.
बाबांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या होडीवर काढली,
त्यांचं नाव कुठे लिहिलेलं मी पाहिलं नाही.
देवळाच्या वर्गणीत फक्त, तेही चुकीचं.

बाबलशेटना सांगितलं, हात साथ देत नाही.
ते लगेच गप्प झाले, वर चहा मागवला.
खोटं होतं. हा डावा कधी कुरकुरत नाही.
पण त्या दुसऱ्याने, गेल्यापासून पहिल्यांदाच,
माझं एक काम केलं.

आठला मी वही मिटतो.
बंदराच्या रस्त्यावर कोणीतरी विचारतंच,
काय रे, आज लवकर?
मी मान हलवतो. ऊन अंगावर घेत
पायऱ्या उतरतो.
मागे घसरगुंडीवरून एक लादी येते,
खर्रर्र करत, धप्प.
आठनंतरची. ती माझी नाही,
तिचे पैसे मला नाहीत, दुसरा मुलगा लिहील.
तरी तोंडातल्या तोंडात म्हणतो:
एकशे चौदा.